पंच क्रमांक दोन

११ डिसेंबर. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी विळीवर नारळ खवत होते. एक कवड संपवून दुसरी हातात घेतली तोच आमच्या साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमच्या शिधावाटप कार्यालयाचे प्रमुख.

"ऑफिसला येऊ नका, परस्पर मुलुंडला जा. पोलिसांचं पत्र आलंय, दोन पंच हवेत, एक बाई पाहिजे म्हणतात. सोबत शिपायाला पाठवतोय."

"कसली केस आहे?"

"मला काय माहीत? सही करायची आणि यायचं. अर्ध्या दिवसात मोकळ्या व्हाल."

सरकारी नोकरीशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. पोलीस झडती घेतात तेव्हा काय सापडलं, कसं सापडलं ते बघायला दोन त्रयस्थ माणसं लागतात. ते पंच. त्यांच्यासमोर जे घडलं त्याचा कागद म्हणजे पंचनामा. रस्त्यावरचा माणूस कोर्टाच्या भानगडीत पडायला तयार होत नाही, म्हणून पोलीस सरकारी ऑफिसांना पत्र पाठवतात आणि ऑफिस हाताशी असेल त्याला पिटाळतं.

मी त्याआधी एकदा पंच झाले होते. नोकरीत नवी होते. वाकोल्याला एका चाळीत झडती होती, पण मला जिनासुद्धा चढायला लावला नाही. खाली जीपजवळ उभं केलं, चहा पाजला, लिहून तयार असलेला कागद पुढे केला. मी सही केली. सहा वर्षांनी कोर्टात उभी राहिले तेव्हा वकिलाने विचारलं, खोलीला खिडक्या किती होत्या? मी म्हटलं, दोन. खोलीला खिडकीच नव्हती. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. घरी येऊन मी हे कोणाला सांगितलं नाही.

मुलुंडला पोहोचल्यावर कळलं की झडती एका वार्ताहर बाईच्या घराची आहे. केस मी पेपरात वाचली होती. पूर्व उपनगरातल्या एका वसाहतीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळतंय, असा सरकारी प्रयोगशाळेचाच अहवाल होता. लोकांना मात्र पाणी पिण्यालायक आहे असं सांगितलं जात होतं. प्रयोगशाळेतल्या एका केमिस्टने तो अहवाल या बाईला दिला, तिने छापला. वसाहतीत टँकर सुरू झाले आणि केमिस्ट आत गेला. त्याला शासकीय गुपितांचा कायदा लावला होता. पिण्याच्या पाण्यात कसलं गुपित, असं वाचताना मनात आलं होतं. मग मी पान उलटलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार वार्ताहर बाईच्या सासूने उघडलं. बाई बत्तीस-तेहतीसची, केस ओले, खांद्यावर टॉवेल. पोलीस चार होते: एक साहेब, एक लेडी कॉन्स्टेबल, लिहिणारा हवालदार आणि मोबाइलवर शूटिंग करणारा शिपाई. झडतीचं शूटिंग हल्ली करावंच लागतं.

सासूबाई दारातच आडव्या आल्या. "बूट बाहेर काढा."

"ड्यूटीवर बूट काढत नाही, आजी."

"मग लादी कोण पुसणार, तुम्ही?"

साहेब हसले, पण बूट काढले नाहीत.

दोन तास कपाटं, पुस्तकं, गाद्या, डाळींचे डबे बघून झाले. अहवालाची प्रत सापडली नाही. मग साहेबांनी फोन मागितला. बाईने दिला.

"पासवर्ड?"

"तो देणार नाही. देत नाही असं लिहून घ्या."

"मॅडम, केमिस्ट आमच्याकडे आहेच. त्याच्याबरोबर अजून कोण होतं एवढंच बघायचंय."

"तेच तर दाखवायचं नाहीये ना मला."

साहेबांनी शूटिंगवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "साहेब, बॅटरी गेली," आणि मोबाइल खिशात टाकला. साहेबांनी बाईचा फोन उचलून सरळ तिच्या तोंडासमोर धरला. तिने मान फिरवली तर लेडी कॉन्स्टेबलने हनुवटी धरून सरळ केली. फोन उघडला. सगळं मिळून तेवढा वेळही लागला नाही, जेवढा मला हे लिहायला लागला.

हवालदार संदेश वाचत गेला. "हा बघा साहेब. 'नमुन्याच्या बाटल्या मीच भरल्या होत्या, पाणी काळंच होतं' म्हणतोय."

"नंबर उतरवून घे."

बाई खुर्चीत बसली. सासूने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, तो तिने तसाच धरून ठेवला. "त्याने मला एकच विचारलं होतं," ती म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली कळलं नाही. "माझं नाव येणार नाही ना, एवढंच."

मग पंचनामा लिहायला घेतला. हवालदाराचं अक्षर छान होतं. लिहून झाल्यावर सह्या: आमच्या ऑफिसचा शिपाई पंच क्रमांक एक आणि मी पंच क्रमांक दोन. शिपायाने खिशातून पेन काढून सही ठोकली. मी चष्मा लावला.

साहेब म्हणाले, "ताई, नेहमीचंच आहे, वाचायला काही नाही त्यात."

मी वाचलं. 'सदर महिलेने आपला मोबाइल स्वखुशीने उघडून दाखवला. सदर मोबाइल बंद करून पंचांसमक्ष जागीच सीलबंद करण्यात आला.' फोन त्या क्षणी टेबलावर साहेबांच्या पॉवरबँकला लावलेला होता, चालू.

"स्वखुशीने?" मी म्हटलं.

बाई ताडकन उठली. "असं लिहिलंय? म्हणजे त्याचं नाव मी दिलं असं होतं! ताई, हा कागद बाहेर गेला तर उद्या मला एक माणूस फोन करणार नाही. कोणी काही सांगितलं नाही तर मी छापू काय, राशिभविष्य?"

"मग जरा आराम करा मॅडम," साहेब म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, "तोंडासमोर धरून उघडला असं लिहा आणि सील करा. लगेच सही देते."

"ताई, तुम्ही पंच आहात, वकील नाही."

"पंच आहे म्हणूनच सांगतेय."

आमचा शिपाई माझ्या कानाशी आला. तो मालवणकडचा, निवृत्तीला टेकलेला. "बाईनु, कित्याक व्हयी ही कटकट? माजे सहा महिने रवले हत. सही करा नि चला."

"तू केलीस ना? झालं तर मग."

पोलीस साहेबांनी आमच्या साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून सुरू झालं: वाट लावणार आहात का माझी, पोलिसांशी कशाला पंगा, तुम्हाला कोणी विचारलंय? मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "साहेब, तुम्ही या आणि सही करा. मी जागा देते." फोन बंद झाला.

दोन वाजता त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला वर आणलं. अकरा वाजता सुरू झालेल्या झडतीचा तो पंच क्रमांक दोन झाला. माझं नाव असलेलं पान फाडून नवीन लिहिलं. वॉचमनने न वाचता सही केली. त्याला मराठी वाचता येत नव्हतं.

मी चपला घालताना बाईने विचारलं, "तुम्ही हे कोर्टात सांगाल?"

"बोलावलं तर सांगेन."

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मला कोणी बोलावणारच नाही. ज्याची सही कागदावर नाही त्याला कोर्ट कशाला बोलावेल? सही न करून मी फक्त स्वतःला सोडवून घेतलं होतं. तो कागद जसाच्या तसा उभा होता.

संध्याकाळी घाटकोपरला घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत आहे, कागदाचं त्याला कळतं. "लेखी दे," तो म्हणाला. मग कुकरखालचा गॅस बंद करून, "पण तूही सरकारी नोकर आहेस. कामावर असताना बघितलेलं बाहेर सांगितलंस म्हणून तुझ्यावरच केस केली तर? त्या केमिस्टने तरी दुसरं काय केलं?"

"त्याला आत टाकलाय तो यासाठीच ना. बाकीच्यांनी गप्प बसावं म्हणून."

"म्हणजे तू गप्प बसणार नाहीस."

"बदली करतील. करू देत. गोवंडीला टाकलं तर इथून जवळच आहे."

"बदलीवर भागलं तर बरं," तो म्हणाला आणि कुकरचं झाकण उघडायला गेला. मला भीती वाटत होती, त्यालाही वाटत होती, आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं होतं.

सकाळी मी मुलुंडला नोटरीकडे पहिला नंबर लावला. टायपिस्टला तोंडी सांगत गेले: मी कोण, कोणाच्या आदेशाने गेले, किती वाजता, घरात कोण कोण, शूटिंग कधी थांबलं, हनुवटी कोणी धरली, सील झालं की नाही, वॉचमन किती वाजता आला. माझ्या अंदाजाचं एकही वाक्य घातलं नाही. टायपिस्ट मध्येच थांबून म्हणाली, "बाई, पूर्ण नाव आणि पत्ता टाकू? नक्की?"

"टाक गं. त्याशिवाय याला कोण विचारणार?"

प्रतिज्ञापत्र तीनदा वाचलं, एका ठिकाणी वेळ चुकली होती ती दुरुस्त करून घेतली आणि नोटरीसमोर सही केली. मूळ प्रत तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. सून वकिलाकडे गेली होती. सासूबाईंना म्हटलं, हे वकिलाच्याच हातात द्या. एक प्रत माझ्याकडे ठेवली. तिसरी घेऊन साडेअकराला ऑफिसला पोहोचले, हजेरीपटावर उशिराची लाल खूण करून घेतली आणि ती प्रत आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून पोच मागितली.