शिवयोगींचा नारळ

हेमावतीला थोरल्या दिराचा, शिवयोगींचा, राग यायचा, तो काही आजचा नव्हता. नवऱ्याच्या माघारी तिनं टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात नोकरी धरली, तेव्हा शिवयोगींनी नाक मुरडलं. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, तेव्हा भावकीत बोंब ठोकली. आणि पन्नाशी उलटल्यावर ती दर रविवारी हिप्परग्याच्या तलावावर शिडाची होडी शिकायला जाऊ लागली, तेव्हा तर त्यांच्या बडबडीला ऊतच आला.

"बाईमाणसाला शीड कशाला पायजे? लोक हसतेत की!"

लोक हसोत नाहीतर रडोत. तिनं दोऱ्या ओढून तळहात सोलून घेतले, होडी उलटवली, उलटलेली सरळ करायला शिकली. शेवटी फायबरची एक जुनी होडी स्वतःसाठी घेतली. आज तिला पैलतीर गाठायचा होता. एकटीनं, एवढंच तिचं मागणं.

होडीच्या पूजेला शिवयोगी न बोलावता भावकीसह हजर, खांद्यावर टॉवेल टाकून. हळदकुंकू झालं.

"नारळ दगडावर फोडा, भावजी. होडीवर नको," हेमावती म्हणाली.

"गप की! माझा ट्रॅक्टर आला तवा बंपरवरच फोडला हुता. घरातला थोरला मी हाय."

आणि त्या शहाण्यानं नारळ होडीच्या नाकाडावर दाणकन हाणला. नारळ फुटला, फायबरही तडकलं, पाण्याच्या जरा वर.

हेमावतीला संतापानं रडू फुटायचं बाकी राहिलं. होडी चालवताना एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्यात सुकाणू. लाटेसरशी फटीतून आत येणारं पाणी उपसायचं कुणी? एकटीनं जाणं संपलं. सगळी भावकी बघत होती. तिनं एक लाइफ जॅकेट शिवयोगींच्या अंगावर फेकलं.

"बसा."

"मला पवता येत न्हाय!"

"म्हणूनच दिलंय. बसा, का घरातला थोरला भितो?"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? बसले. तलावाच्या मध्यावर लाटेगणिक फटीतून पाणी येऊ लागलं. हेमावतीनं फुटक्या नारळाचं भकल त्यांच्या हातात कोंबलं.

"उपसा."

"हेमा, माघारी फिर की!"

"उपसा, भावजी."

पैलतीरावर ते घाईनं उतरले. हेमावतीची नजर आता त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलवर गेली. तिनं तो ओढला, त्याचा बोळा करून फटीत घट्ट ठोकला आणि पायानं होडी लोटली.

"अगं, मी कसा येऊ?"

"रस्ता आहे की!"

शिवयोगी काठावरून काहीबाही ओरडत राहिले. तिनं शीड ओढून घेतलं. परतीच्या वाटेवर होडीत ती एकटी होती.