सारख्या तोंडांचा पाना

चौक गावच्या बेकरीत माझी होणारी सून नवरदेवासाठी वेगळा केक सांगत होती. माझ्या मुलाचं गॅरेज आहे, म्हणून केक पान्याच्या आकाराचा. व्हॅनिलाचा वास आला आणि मी कळंबला, माझ्याच लग्नाच्या मांडवात जाऊन पोचले.

रुखवतात मीही केक मांडला होता. पातेल्यात रेती तापवून भाजलेला, मधे जरा बसलेला. नवरा मोहोपाड्याच्या कारखान्यात फिटर, म्हणून सुरीने कापून त्याचा पाना केला होता.

"अंडं नाय ना गं यात?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय, दुधातला हाय."

नवरा मात्र वाकून पान्याची तोंडं बघू लागला. तोवर आम्ही धड चार वाक्यं बोललो नव्हतो.

"दोन्ही तोंडं सारखी केलीस," तो हळूच म्हणाला. "पान्याचं एक लहान असतं, एक मोठं."

मला रडूच यायला लागलं.

"ऱ्हाऊ दे गं. आपल्या घरात सारखीच चालतील."

तेव्हा वाटलं, समजूत घालतोय. इतक्या वर्षांच्या संसारानंतर कळतं, तो बरोबरीचा शब्द देत होता.

इकडे बेकरीत सुनेनं कागदावर पाना काढला होता. एक तोंड लहान, एक मोठं, अगदी बरोबर. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि लहान तोंड मोठं केलं.