टाकलेली कात

पिंगतुंगमध्ये ग्वेई-चू मावशी माझी शेजारीण. घरामागच्या शेडमध्ये तिने चौदा वर्षं शोभेच्या तांबड्या-पांढऱ्या कोळंब्यांचा एक वाण जपला होता. प्रत्येकीच्या डोक्यावर पांढरा ठिपका. तिच्या हाताखाली शिकलेला भाचेजावई वेन-पिन एके दिवशी टाक्या रिकाम्या करून सगळ्या कोळंब्या घेऊन गेला आणि दुकान थाटून "वाण माझाच" म्हणू लागला. त्याच्या हयगयीने त्यांतली शेवटी एकच मादी उरली, पोटाशी अंडी घेऊन. मावशीने होणाऱ्या पिल्लांतली दोन मागितली, तर म्हणाला, "मावशी, या वयात आता केळी लावा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशीने ते पोटात ठेवलं.

देवळाच्या अंगणात दरवर्षी भरणाऱ्या कोळंब्यांच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तोच चहाला आला. निर्लज्ज मेला!

"मावशी, उन्हाने पाणी तापलंय. मादी फिकी दिसते. काय करू?"

मावशीने चहा ओतता ओतता विचारलं, "अंड्यांत डोळे दिसतात?"

"हो, काळे ठिपके आहेत."

"मग अर्धं पाणी काढ आणि गार घाल. उद्या बघ."

मला सुपारीचा ठसका लागला. गार पाणी एकदम एवढं घातलं की कोळंबी कात टाकते, आणि पोटाला चिकटलेली अंडी कातीबरोबर जातात, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. पण पाणी बदलायच्या वेळी हा गडी कायम घोरत असायचा.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, वाण बुडेल तुझा!"

"डोळे आलेत ना," ती म्हणाली, "आता आई नसली तरी चालतं."

सकाळी परीक्षक काचेवर वाकले, तर तळाशी आडवी पडलेली पोकळ कात. खरी मादी मऊ अंगाने पानाखाली दडली होती. कात टाकल्यावर त्या दडतातच.

"मेली!" वेन-पिन किंचाळला. लोक हसले. मीही हसलो, पोटभर. त्याने जाळीने ती कात उचलली, तेव्हा मावशीने पाण्याचा पेला पुढे केला.

"कचरा इकडे टाक."

"घ्या, सूप करा!" म्हणत त्याने ती आत भिरकावली.

घरी मावशीने अंडी सोडवून अरुंद बाटलीत घातली आणि खालून हवा सोडली. आई पायांनी हलवते तशी ती दिवसभर घोळत राहिली. आठवड्यात एकवीस पिल्लं निघाली.

तोवर वेन-पिनची मादी पानाखालून बाहेर आली होती, मोकळ्या पोटाने. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. धावतच आला आणि बाटलीपुढे थबकला. एकवीस डोकी, एकवीस ठिपके.

"माझी आहेत ती!"

"तू फेकलीस."

त्याचा आवाज उतरला. "दोन तरी द्या, मावशी. माझ्याकडे ती एकटीच उरलीय."

मावशीने बाटलीवर फडकं टाकलं.

"केळी लाव, बाळा."