पेन्सिलीचा नंबर

मामांच्या बोटांना ठसे उरले नव्हते. चौदा वर्षं अ‍ॅसिटोनमध्ये काच धुऊन टोकं गुळगुळीत झाली होती, आणि हजेरीचं यंत्र त्यांना रोज सकाळी नाकारायचं. मग रखवालदार वहीत सही घ्यायचा. "मशीनला मी दिसतच नाय," मामा म्हणायचे आणि आत जायचे.

हिमायतनगरातल्या आमच्या खासगी औषध-तपासणी प्रयोगशाळेत ते काचसामान धुवायचे. मूळचे परभणीकडचे, राहायला मलकपेठेत. मी देगलूरची, घरातली पहिली पदवीधर. परराज्यातल्या या शहरात पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्यांनी हळू आवाजात 'जय भीम' म्हटलं. मीही म्हटल्यावर अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. तेव्हापासून ते मामा.

कॉलेजात मी काचेची गाळणी पुढून घासायला शिकले होते. मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. पुढून घासलं की बारीक छिद्रांत घाण आणखी रुतते. गाळणी उलटी धरून मागून अ‍ॅसिटोन सोडायचं, म्हणजे अडकलेलं आल्या वाटेनं बाहेर पडतं. धुतलेलं भांडं ते उजेडाकडे धरायचे. पाणी सलग पसरलं तर ठीक. एखादा थेंब कुठे अडला की, "नक्को, इथं चिकट हाय अजून," आणि पुन्हा पहिल्यापासून.

रबरी हातमोजे आम्हा पदवीवाल्यांना मिळायचे, त्यांना नाही. मी एकदा माझी जोडी देऊ केली. त्यांनी ती परत माझ्या टेबलावर ठेवली. "एक दिवस घालून काय करू? उद्या उघड्या हाताला जास्त झोंबंल."

त्यांचा एकच हट्ट होता. भांड्यावर नंबर लिहायचा तो पेन्सिलीनं, काचेवरच्या खरखरीत पांढऱ्या चौकोनात. मार्कर अ‍ॅसिटोनपुढे टिकत नाही. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं.

गेल्या वर्षी घाईत मी दोन भरलेल्या चंबूंवर मार्करनं नंबर टाकले. संध्याकाळी मामांनी नेहमीप्रमाणे बुचांभोवतीचं ग्रीस अ‍ॅसिटोनच्या फडक्यानं पुसलं. सकाळी दोन सारखे चंबू, नंबर कुठेच नाही. गिऱ्हाइकाचा नमुना तेवढाच होता. तो वाया गेला.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, नंबर कोणी पुसला. "पुसलं मी," मामा म्हणाले. "रोजच पुसतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंबर कशानं लिहिला होता, हे साहेबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला कायम करण्याचं पत्र त्याच आठवड्यात निघायचं होतं. मामा ठेकेदाराचे माणूस. त्यांना काढायला पत्रही लागलं नाही.

जाताना त्यांनी स्वतःचे दोन ब्रश पिशवीत घातले. मी दाराशी उभी होते. "तू बोलली असतीस तरी त्यांनी मलाच काढलं असतं, पोरी," ते म्हणाले. "पण मला ऐकायला बरं वाटलं असतं."

'जय भीम' त्यांनीच आधी म्हटलं. माझा आवाज निघाला तेव्हा ते जिना उतरले होते.

माझ्या पगारावर धाकटा भाऊ नल्लकुंट्यात खोली घेऊन शिकतो आहे. घरचे म्हणतात, पोरीनं नाव काढलं. मी आता नंबर पेन्सिलीनंच लिहिते, गाळणी मागूनच धुते. परवा नव्या सहकारी बाईंनी कौतुकानं विचारलं, हे कुठं शिकलात?

मी म्हणाले, कॉलेजात.