गुडघ्याच्या ऑपरेशनआधी अंधेरी: बाबांची जाखडी आणि सहा जुने कॅमेरे

मुलुंड ते अंधेरी याला कुणी सहल म्हणत नाही, माहितीय मला. पण या ब्लॉगवर लडाखपासून गोकर्णपर्यंत सगळं लिहून झालं, आणि खरं सांगते, कुठल्याच प्रवासात माझा जीव इतका टांगणीला लागला नव्हता, जितका गेल्या शनिवारी पवईच्या ट्रॅफिकमध्ये लागला.

कारण सोमवारी बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, नंतर चालाल, जिने चढाल, पण उकिडवं बसणं आणि उड्या विसरा. आता आमचे बाबा म्हणजे गुहागरकडच्या आमच्या वाडीतले जाखडी नाचणारे. मध्ये मृदंग आणि गाणारे, भोवती गोलात नाचणारे, उजव्या पायात घुंगरांची चाळ. त्यात खाली बसून तिथूनच गिरकी घेत उठायची एक जुनी चाल आहे. ती वाडीत आता एकट्या बाबांना, म्हणजे वाडीच्या आबांना, येते. गणपतीतले मोबाइल व्हिडिओ ढीगभर आहेत, पण गोलात कायम कुणाची तरी पाठ आडवी येते आणि पाय दिसतच नाहीत. वाडीतली पोरं शिकायला तयार आहेत, पण बघून शिकणार काय, पाठी?

इथे माझी कॉलेजपासूनची मैत्रीण तन्वी कामाला आली. तिला मोशन कॅप्चरचं वेड आहे. म्हणजे अंगावर चमकणारे गोळे लावायचे, चारी बाजूंनी कॅमेरे ठेवायचे, आणि कॉम्प्युटर त्या गोळ्यांवरून माणसाची हालचाल टिपतो. मग ती मागून बघा, खालून बघा, सावकाश बघा. सिनेमावाल्यांच्या स्टुडिओचा दिवसाचा भाव मी विचारला होता, आणि गपचूप फोन ठेवून दिला होता. तन्वीचा संसार स्वस्तातला. जुने सहा कॅमेरे, प्रत्येकाभोवती दिव्यांची रिंग, आणि लाकडी मण्यांवर ट्रकच्या मागे लावतात ती चमकपट्टी. फक्त जागा मोठी, उंच आणि अंधार करता येईल अशी हवी. तसा नाचाच्या तालमीचा हॉल मिळाला अंधेरी पश्चिमेला.

सकाळी टॅक्सी केली. रिक्षात तिघं आणि सहा स्टँड मावत नाहीत, उगाच प्रयोग करू नका. आईने घावणे आणि चटणीचा डबा दिला, वर गुडघ्याला बांधायला गरम पट्टा दिला, आणि मला दाराआड घेऊन म्हणाली की एकदाच नाचू दे, दुसऱ्यांदा नाही. नाहूरला तन्वी चढली. कांजूरला लिंक रोडला लागलो आणि मेट्रोच्या कामाने वाट लागली. बाबा पुढच्या सीटवर पाय लांब करून मजेत पवईचा तलाव बघत होते. मी मागे बसून गुडघा सुजला तर काय, कॅमेरा पडला तर काय, हॉलवाल्याने ऐनवेळी टांग दिली तर काय, असं एकेक उगाळत होते. तन्वी शेवटी म्हणाली, तू गप बस ना यार, मलापण टेन्शन येतंय.

हॉल तासाला आठशे रुपये, लाकडी जमीन, पंखे ठीक. एक अडचण, एका भिंतीला सबंध आरसा. आरशात प्रत्येक गोळा दोनदा दिसतो आणि कॉम्प्युटर खुळावतो. तुम्ही असलं काही करणार असाल तर घरून जुन्या चादरी न्या, आम्ही नेल्या होत्या. बाबांचे पितळी घुंगरूही चमकत होते. चाळ बांधू नका म्हटल्यावर बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग तन्वीने घुंगरांवर टाल्कम पावडर चोळली, चमक गेली, आवाज राहिला.

मग कॅमेऱ्यांची जुळणी. तीन गोळे लावलेली एक काठी घेऊन तन्वी हॉलभर फिरली, वर, खाली, कोपऱ्यात, अगदी दृष्ट काढल्यासारखी. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की कुठला कॅमेरा कुठे उभा आहे. ते झाल्यावर तिने बजावलं, आता कॅमेऱ्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, केसभर हलला तरी सगळं मुसळ केरात. मी मान डोलावली. बाबा तेव्हा आत धोतर नेसत होते.

आम्ही दोघी खाली चहा आणायला गेलो. कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग झकास मिळतो. वर आलो तर बाबा तयार, चाळ कपाळाला लावून बांधलेली. दारातल्या एकाच दिव्याखाली गोळे चिकटवले, मग तोही घालवला, फोनवर गाणं लावलं.

काय सांगू. मुलुंडच्या घरात पलंगाला धरून उठणारा माझा बाप मृदंगाची थाप पडल्यावर वेगळाच झाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी फक्त गुडघा बघत होते. खाली बसले, गिरकी, वर. पुन्हा खाली, गिरकी, वर. तिसऱ्यांदा उठताना तोंडातून हूं असा आवाज आला. पण गाणं संपेपर्यंत थांबले नाहीत. मग खुर्चीत बसले, घामाघूम. गुडघा केव्हाच टम्म झाला होता. आता पुन्हा नाही, हे तिघांनाही कळत होतं.

तन्वीने स्क्रीनकडे बघितलं. ठिपक्यांचा माणूस मोडला होता. एक पाय जमिनीच्या खाली, कंबर छताला. तिने दिवे लावले. सहाही स्टँडना हळद-कुंकवाची बोटं लावलेली होती, आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या मानेत घरून आणलेलं एकेक जास्वंदीचं फूल खोचलेलं.

बाबांना वाटलं आम्ही कौतुकाने बघतोय. म्हणाले, "मृदंगाची करतो ना पूजा, तशी यांचीपण केली. आज वाजवणारे हेच."

रागावू की रडू तेच कळेना. त्यांचं चुकलं तरी काय होतं? नाचाआधी साहित्याची पूजा न करता हा माणूस कधी गोलात उतरलेला नाही. ते मात्र आमचे चेहरे बघून चपापले आणि जवळच्या कॅमेऱ्यातलं फूल काढायला उठले.

"काका, थांबा. हात लावू नका," तन्वी म्हणाली. "पूजा नाचाआधी झाली. तेव्हापासून कॅमेरे हलले नसतील, तर नाचताना ते जिथे होते तिथेच आत्ताही आहेत. मी आता पुन्हा काठी फिरवते. मोजणी नंतर केली तरी चालते. फक्त आता कुणी हलू नका."

बाबा अर्धवट उठलेले, तसेच खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बाहेर पुढच्या वेळेचा डान्स क्लास जमला होता आणि कुणीतरी पॅसेजमध्ये उड्या मारत होतं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि दोन मिनिटं द्या म्हणून गयावया केली. तन्वी काठी फिरवत होती. मी आयुष्यात इतका देवाचा धावा केला नसेल.

झालं का, असं विचारलं तर ती म्हणाली, घरी जाऊन हिशेब लावल्याशिवाय कळणार नाही. नाचताना जमिनीच्या धक्क्याने एखादा कॅमेरा हलला असेल तर गेलं. परतीच्या वाटेवर कुणी डबा उघडला नाही. घावणे तसेच राहिले. पवईला बाबा हळूच म्हणाले, "माझ्यामुळे गेलं काय गो बाय?" मी नाही म्हटलं, आणि ते मला स्वतःलाच पटलं नाही.

रविवारी दुपारी तन्वी लॅपटॉप घेऊन घरी आली. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके. चेहरा नाही, धोतर नाही, आणि तरी आई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, हे आमचेच. ठिपके खाली बसले, गिरकी घेतली, उठले. पाय जमिनीवर, कंबर जागेवर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तन्वीने चित्र फिरवून पायांकडून दाखवलं, आणि जे आजवर कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागे राहिलं होतं ते सगळं दिसलं.

बाबा पुढे वाकून बघत होते. "दुसऱ्या गिरकीला पाय आधी पडला," ते म्हणाले. "पुसून टाक. परत करू."

हॉस्पिटलची बॅग सोफ्यावर भरून ठेवलेली होती. त्यांचा हात आपसूक गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"बरं, असू दे," ते म्हणाले. "पोरांना दाखवशील तेव्हा सांग, इथे आबा चुकला होता. तुम्ही चुकू नका."

आता हे मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. बाबा आत आहेत. चाळ घरी खुंटीला आहे, पावडर लागलेली, तशीच. आईने धुवायला घेतली होती, तर बाबा नको म्हणाले.