‘मस्ती’ या शब्दाची चौकशी

नोव्हेंबरातला सोमवार, सकाळची वेळ. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या ठाण्यात हजर: मी, ठाण्याची बाल कल्याण पोलीस अधिकारी; एक हवालदार; आणि एका शाळेच्या बसचा ठेकेदार. तो दिवस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तक्रार अशी: सोसायटीबाहेर संध्याकाळपासून उभ्या असणाऱ्या बसच्या टायरमधली हवा कोणीतरी पुन्हा पुन्हा सोडत होतं. ठेकेदाराचा संशय कामावरून काढलेल्या ड्रायव्हरवर. “मॅडम, पक्का वही है,” तो ठासून सांगत होता. रोजनाम्यात नोंद केली, हवालदाराला सोसायटीत पाठवलं. तो हसतच परतला. तिथल्या एका बाईंनी बाल्कनीतून चाकापाशी बसलेला मुलगा पाहिला होता. चौथीतला, त्याच बसनं शाळेत जाणारा.

लहान मुलाला ठाण्यात बोलवायचं नाही, त्याच्यासमोर वर्दीत जायचं नाही. दुपारी शाळा सुटल्यावर साध्या कपड्यांत घरी गेले. कुटुंब मराठी निघालं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्या वेळी ऑफिसात. आईचा विश्वासच बसेना. “अहो मॅडम, झुरळ दिसलं तरी हा पलंगावर चढतो.”

मुलं चूक लपवतात, पण कारण विचारलं की बहुतेकदा सांगून टाकतात. हवा का सोडलीस, एवढंच विचारलं. बस बंद पडली की बाबा स्कूटरवरून सोडतात, तो म्हणाला. मग बसमध्ये काय होतं?

“मोठी मुलं मस्ती करतात.”

“हे तर रोजचंच,” आई म्हणाली. “मी सांगते, अरे, तूपण कर.”

मी त्याला म्हटलं, “मस्ती म्हणजे काय, मला करून दाखव.”

तो उठला, सोफा आणि टीपॉय यांच्यामधल्या फटीत शिरला, खाली बसून डोकं गुडघ्यांत घातलं. “शाळा येईपर्यंत असं. उठलो की बूट मारतात.”

आईनं टीपॉय बाजूला ओढला आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

दिल्लीत वाढलेल्या त्या मुलाकडे ‘छळ’ हा शब्दच नव्हता. त्यानं तक्रार रोज केली होती; आईला तो खेळ वाटत होता. तेव्हापासून पालकांना सांगत आले: मूल ‘मस्ती’, ‘मजाक’ म्हणालं की विचारा, कोण करतं आणि कोणावर? खेळात पाळी बदलते. नेहमी एकच मूल खाली असेल, तर तो खेळ नाही. आणि शाळेला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं तिथंच विरून जातं.

आईनं त्याच दिवशी लेखी दिलं. मोठ्या मुलांच्या पालकांना शाळेनं बोलावलं, मुलांचं समुपदेशन झालं, बसमध्ये मागच्या बाजूला शिक्षिका बसू लागल्या. ठेकेदारानं तक्रार मागे घेतली. “चौथी के बच्चे ने पूरा थाना घुमा दिया,” म्हणाला.

एक काम राहिलं. बस रोज भरलेली असायची आणि बाकीच्या मुलांनी सगळं पाहिलं होतं. असं दिसलं तर कोणाला आणि कसं सांगायचं, हे त्यांना शिकवायचं शाळेशी ठरलं होतं. आधी परीक्षा आल्या, मग सुट्ट्या, मग माझी बदली. ती मुलं आता मोठी झाली असतील. त्यांच्याशी कोणी बोललेलं नाही.