चौसष्ट किलोंचं प्रस्थान

आधी माझी पात्रता ऐका. देवासच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. वस्तुमान आणि वजन यांतला फरक न सांगता येणाऱ्या पोरींना मी उन्हात उभं केलेलं आहे. टेकडीवर देवीला जाते, पण पायऱ्या चढल्या की गुडघे चालते राहतात म्हणून. भूत, छाया, चकवा... यातलं काही मी मानलं नाही, अजूनही मानत नाही. तरी लिहिते आहे, कारण या ग्रुपवरचे लोक न हसता वाचतात असं नात म्हणाली. हसलात तरी चालेल. मीही हसते, त्या बेचाळीस वर्षांच्या बाईला, जी मी होते.

कशी होती ती? शहाणी. म्हणजे स्वतःच्या मते. खांद्यापर्यंत कापलेले केस, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि सासूबाईंच्या प्रत्येक वाक्याला "का पण?"

आमचे हे कारखान्यात इंजिनिअर, पण जीव सगळा विमानात. इंदूरला जाऊन हौशी पायलटचं लायसन्स काढलेलं. एका मित्राचं चार सीटांचं छोटं विमान धारच्या धावपट्टीवर असायचं, ते ह्यांना कधीमधी मिळे. ह्यांचं वेड एकच — आपले पूर्वज साताऱ्याकडून घोड्या-बैलांवर डोंगर ओलांडत माळव्यात आले, आपण तीच वाट उलटी जायची, वरून. विंध्याचल, नर्मदा, सातपुडा, मग सह्याद्रीच्या रांगा आणि कऱ्हाडची धावपट्टी. तिथून जीपने आमचं मूळ गाव. सात पिढ्यांत कोणी गेलं नव्हतं.

दोन महिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. कुठे किती उंची घ्यायची, वारा कुठून येईल, इंजिन बंद पडलं तर कोणत्या माळावर उतरायचं... सगळं पेन्सिलने. वाटेत विमानाचं तेल कुठेच मिळणार नव्हतं, म्हणून टाकी भरून न्यायची. आणि टाकी भरली की माणसांसाठी उरतं ते मोजूनमापून. जाणार चौघं — आम्ही दोघं, तो मित्र आणि त्याची बायको. ह्यांनी वजनांची यादी केली. स्वतःपुढे लिहिलं, चौसष्ट.

"तुझं?"

"बावन्न," मी म्हटलं.

होतं सत्तावन्न. मित्राची बायको अठ्ठेचाळीस किलोंची काडी होती, आणि ती यादी तिच्या नजरेला पडणार होती. वस्तुमान-वजन शिकवणारी बाई! पाच किलो खाऊन टाकले तिने.

निघायचा वार आला गुरुवार. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, म्हणजे त्या दिशेने निघणं अशुभ. अशा वेळी आमच्या घराण्यात आदल्या दिवशी प्रस्थान ठेवतात: जाणाऱ्याची एखादी वस्तू, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधायचं आणि शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस कालच निघाला. दुसऱ्या दिवशी जाताजाता ते उचलायचं. सासूबाईंनी ह्यांचा रुमाल घेऊन पुरचुंडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"उचलल्याशिवाय पुढे जाऊ नका हो. नाहीतर माणूस निम्मा तिथंच राहतो."

"कोणता निम्मा, आई? वरचा की खालचा?"

हे सुद्धा हसले. सासूबाई नाही हसल्या. मी पुरचुंडी शेजारच्या राधाबाईकडे दिली. आमचं स्वयंपाकघर आणि तिचं देवघर, मध्ये फक्त हातभर बोळ. पहाटे निघताना ह्यांना आठवण झाली. मी म्हटलं, "चला हो, उशीर होतोय. परत आल्यावर घेऊ."

धारला मालवजनाच्या काट्यावर ह्यांनी सगळ्यांना उभं केलं. माझी पाळी आली. काटा सत्तावन्नवर. हे काट्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हा माणूस पाच किलोंनाही माफ करणारा नव्हता. डोंगरांवर तर नाहीच. पुन्हा गणितं, थोडं सामान खाली, पुन्हा वजन... दीड तास गेला. तेवढ्यात खबर आली, सह्याद्रीवर ढग बसले. त्या दिवशी कोणी उडालं नाही.

 देवासला घराजवळ आल्यावर हे एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर सात वाजता उडालो असतो गं." चिडून नाही. म्हणून जास्त लागलं.

दारात सासूबाई. "आधी प्रस्थान घेऊन या, मग उंबरा ओलांडा." मी म्हटलं, "आई, गेलेच नाहीत तर परत आणायचं कसलं?" हे थकलेले, तसेच आत आले.

त्याच डिसेंबरात, नकाशासमोरच्या खुर्चीत, सकाळी चहा निवेपर्यंत ह्यांचं सगळं आटोपलं. हार्ट. तेराव्यानंतर राधाबाई दारात आली, "बेनजी, वो पोटली..." मी ओरडले, "फेंक दो!"

मग बत्तीस वर्षं. सासूबाई गेल्या. मुलगा बंगळूरला. मी त्याच टेबलावर एका कोपऱ्यात जेवते. उरलेल्या तीन बाजूंना वर्तमानपत्रं ठेवते, टेबल रिकामं दिसू नये म्हणून. कुकरमध्ये एका माणसाचा भात नीट होत नाही, पाणी चुकतं. हे फिजिक्स मला कोणी शिकवलं नाही.

माझी नात ईरा पायलट झाली. रक्तातलं. इंदूरच्या एका व्यापाऱ्याचं चार सीटांचं विमान धारला असतं, ते उडवते. मागच्या थंडीत माझ्याकडे आली, कपाटातून आजोबांचे कागद काढले आणि टॅब्लेटवर ताडून बघितले.

"आजी, आजोबांचा रूट एकदम परफेक्ट आहे यार. मी हाच करणार. तू पण चल ना. वजन किती तुझं? सच्ची सांग."

"सत्तेचाळीस." या वयात लपवायला असतं काय?

मी किती खूश झाले हे लिहायला लाज वाटते. चार दिवस आधी पिशवी भरून ठेवली. जायचं वेड ह्यांचं होतं, पण बत्तीस वर्षं ते मीच सांभाळलं होतं ना... जायचं होतं मला. मेल्यावर नव्हे, डोळ्यांनी बघत.

हवामान बघून ईराने दिवस काढला. गुरुवार!  त्याच आठवड्यात राधाबाई घर विकून मुलाकडे इंदूरला निघाली होती. बुधवारी संध्याकाळी आली. दोन्ही हातांवर ती पुरचुंडी. फडकं पिवळं पडलेलं, गाठ तीच.

"फेंका नहीं?"

"किसी का प्रस्थान कोई फेंकता है क्या, बेनजी? रोज दीया लगाया. अब आप जा रिया हो, तो इनको भी लेता जाव."

इनको. मी पुरचुंडी पिशवीत टाकली. हलकी, चिमणीएवढी.

धारला थंडी मी म्हणत होती. तिसरी सीट माझी. दुसरीवर कॅप्टन, ईराचे सीनियर, आडव्या अंगाचे, पंच्याऐंशी किलोंचे. त्यांच्याशिवाय मालक विमान देणार नव्हता. टाकी काठोकाठ. मी पिशवी घेऊन काट्यावर चढले. काट्याने दाखवलं एकशे चौदा.

कॅप्टन हसले. "अम्माजी, बैग में शिवलिंग रख लिया क्या?"

पिशवी खाली ठेवली. मी, सत्तेचाळीस. पिशवीतल्या वस्तू एकेक काढल्या. साडी, शाल, औषधं, लाडवांचा डबा — सगळं मिळून तीन किलो. उरली पुरचुंडी. ईराने ती दोन बोटांत धरून काट्यावर ठेवली.

चौसष्ट.

ती बोटांत हलकीच होती, हे लक्षात घ्या. कॅप्टनने स्वतः उचलली, हातावर झेलली. "कुछ नहीं है इसमें." काट्यावर ठेवली, चौसष्ट. दुसरा काटा आणवला. चौसष्ट. मग ते हसायचे थांबले आणि टोपी काढून उगाच हातात धरून उभे राहिले. राधाबाईच्या देवघरातल्या फळीने हे कसं पेललं, आम्हाला आणणाऱ्या टॅक्सीचे टायर का बसले नाहीत... मला विचारू नका. माझं सगळं विचारून झालं आहे.

ईराला आजोबांची यादी पाठ होती. तिने तो आकडा ओळखला, पण पोर पायलट होती. "आजी, काटा जे दाखवतो ते मला लिहावं लागतं. हे धरलं तर आपण ओव्हरवेट आहोत. घाटावर चढायचंय." मग हळूच, "पोटली इथेच ठेव ना. परत आल्यावर घेऊ."

बत्तीस वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य, माझ्याच नातीच्या तोंडून.

मी पेन मागितलं. ईराच्या वजनांच्या कागदावर तीन ओळी: पायलट, कॅप्टन, आजी. तिसऱ्या ओळीतली आजी खोडली. "हे लिही," मी म्हटलं. "आता बसतंय का गणित?"

तिने आकडेमोड केली. डोळे पुसत, पण केली. "बसतंय."

"मग त्यांना घेऊन जा. मूळ गावी नदीकाठी गाठ सोड. पट्टा लाव हो, खिडकीशी."

विमान रनवेवर निघालं. ईरा आणि कॅप्टन, दोघंच हे विमान उडवताना मी आधी पाहिले होते. तेव्हा ते लवकर उठायचं. या वेळी धावतच राहिलं, माणूस जास्त असल्यासारखं, आणि मग उठलं. मांडूच्या बाजूला वळून ठिपका झालं. मी परत काट्यावर चढले. सत्तेचाळीस. मग शेडमध्ये बसून एकटीने लाडू खाल्ला.

दुपारी ईराचा फोन. "आजी, सातपुड्यावर एक ढग नव्हता. सह्याद्रीवर पण नाही. गाठ सोडली. रुमाल, सुपारी, हळकुंड, तांदळाचं पीठ झालेलं. सोडायच्या आधी इथल्या दुकानात पोटली काट्यावर ठेवली होती... काटा हललाच नाही गं."

काट्यात दोष होता? दोन्ही काटे ईराने नंतर तपासून घेतले, बरोबर निघाले.  तुमच्यापैकी कोणी फिजिक्सवाला असेल तर जरूर सांगा, फक्त "मनाचे खेळ" म्हणू नका. काट्याला मन नसतं.

तो कागद ईराने मला दिला. तिसऱ्या ओळीत माझ्यावर काट मारलेली, शेजारी तिच्या अक्षरात "आजोबा, ६४". तो टेबलावर काचेखाली आहे.

मला भीती कधीच वाटली नाही. वेगळंच काहीतरी वाटतं, जेवायला बसले की. बत्तीस वर्षं मी समजत होते की मी एकटी जेवते. आणि हे दोन भिंतींपलीकडे, राधाबाईच्या फळीवर, निघायची वाट बघत बसलेले. एकदा मी बोळ ओलांडून गेले असते तर...

आता हे गेले. आता मी खरंच एकटी जेवते.